आपण केलेलं काम आपल्याला दाखवता येतं का?

पॅटर्नवाला_मच्छे · रविवार, सकाळी 7.20

मंडळी, नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. आज पहिल्यांदाच धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी 31 वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्नचं काम करतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौंड्रीत लोखंडाचा रस ओतायला वाळूचा साचा लागतो. त्या वाळूत वस्तूचा ठसा उमटवायला हुबेहूब त्या आकाराची वस्तू आधी लाकडात करावी लागते. तिला पॅटर्न म्हणतात. बेळगावातून पंपाचे, मोटारीचे, मशीनचे इतके भाग बाहेर जातात, त्या प्रत्येकामागे कधीतरी कुणीतरी असा पॅटर्न केलेला असतो.

गेल्या महिन्यात आमच्या शेडची साफसफाई निघाली. माळ्यावरचे जुने लाकडी पॅटर्न खाली काढून ढीग घातला. अर्धे भंगारात, अर्धे कामगारांना जळणासाठी. मी ढिगाजवळून चाललो होतो आणि पाय थांबला. एका पंपाच्या हाउसिंगचा पॅटर्न होता, सागवानी, 1998 सालचा. नंबर पुसला होता, लाखेचा रंग उडाला होता, तरी एका नजरेत ओळखला. आतल्या कोपऱ्याची गोलाई मी अंगठ्यानं फिरवून बसवलेली. तिथं अंगठा ठेवला तर अजून बरोबर बसतो. मालकांना विचारून तो घरी आणला.

घरी आणल्यावर मुलगा म्हणाला, हे काय? मी सांगितलं. तो म्हणाला, मग आता तुम्ही काय करता? तिथं मी अडकलो.

आता मी व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर असतो. डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, प्रोग्राम येतो, मी ब्लॉक बांधतो, झिरो सेट करतो, बटण दाबतो. मग तीन-तीन, चार-चार तास मशीन कापत राहतं आणि मी उभा. खरं सांगायचं तर मशीनचं काम माझ्या हातापेक्षा चांगलं होतं. माप चुकत नाही. लाकडाचा भुसा छातीत जात नाही, पाठ दुखायची थांबली, पगारही वाढला. मशीनबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. पूर्वी सहाला सुटून घरी आलो, आंघोळ केली, भाकरी खाल्ली की पाय आपोआप देवळाकडे वळायचे. आमचं भजनी मंडळ आहे, मी पखवाज धरतो. दिवसभर रंधा मारलेला हात पखवाजावर पडला की सैल व्हायचा. आता अंग थकलेलं नसतं, तरी उठून जावंसं वाटत नाही. मशीनजवळ उभं राहून चार तास मोबाइल बघितलेला असतो, आणि घरी येऊनही तोच हातात. अकरा कधी वाजतात कळत नाही. आम्ही भजनाला 18 जण असायचो. गेल्या एकादशीला सात होतो.

काम गेलं म्हणून करमणूक गेली, की करमणूक गेली म्हणून काम जड वाटतंय, मला उलगडत नाही. तुमचं कसं आहे? तुम्ही दिवसभर जे करता ते संध्याकाळी कुणाला दाखवता येतं का?

वडगावचा_माग · रविवार, सकाळी 8.05

वाचून गलबलून आलं. वडील हातमागावर, मी यंत्रमागावर. आता माग विकला, एका अपार्टमेंटला वॉचमन आहे. पण अजून बाजारात कुणाच्या अंगावर माझी साडी दिसली तर मी ओळखतो. माझ्या मागाचा धोटा एका बाजूला किंचित ओढायचा, काठाला बारीक वळ यायचा. व्यापारी त्याचे पैसे कापायचा. आता तोच वळ मी शोधत फिरतो. मागच्या नवरात्रात गणपत गल्लीत एक म्हातारी दिसली, नेसून नेसून मऊ झालेली साडी. थांबवून सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

वाचनालयाचा_सभासद · रविवार, सकाळी 9.30

पॅटर्नवाले, धागा काढलात हे फार चांगलं केलंत.

मी निवृत्त शिक्षक. रोज सकाळी सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचायला जातो. 1848 ची संस्था आहे. पूर्वी तिथं एका पेपरची पानं चौघांत वाटून वाचत असू, आणि वाचून झालं की बाहेर पायरीवर त्यावर तासभर बोलणं व्हायचं. पेपर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पायरीवरचं बोलणं मात्र बंद झालंय.

तुमचा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. त्या अधिवेशनानं ठरवलं की सभासदाची वर्गणी चार आण्यांऐवजी सुताची असेल, महिन्याला 2000 यार्ड. स्वतः कातलेलं द्या किंवा दुसऱ्याकडून कातून घेऊन द्या. वर्षभरात तो नियम गुंडाळावा लागला. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगायचो, कारण एवढ्या मोठ्या राजकीय संघटनेनं हातानं केलेली वस्तू वर्गणी म्हणून मागावी ही साधी गोष्ट नाही.

आणि त्याच वर्षी, अधिवेशनाच्या थोडं आधी, गांधीजींना कुणीतरी विचारलं होतं की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. त्यांनी सांगितलं की विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. शिवणयंत्राचं उदाहरण दिलं. बायकोला टाके घालताना होणारा त्रास बघून सिंगरनं ते यंत्र केलं, त्यामागे प्रेम होतं, म्हणून ते चालेल, असा त्यांचा मुद्दा. पुढे 1937 मध्ये ते आपल्या जिल्ह्यातल्या हुदलीलाही येऊन राहिले. हुदलीत आजही खादी होते.

तुमच्या व्हीएमसीला त्यांची मोजपट्टी लावली तर यंत्र पास होईल असं मला वाटतं. तुमची पाठ आणि छाती वाचली. मग उरलेले चार तास कुणाचे, हा प्रश्न राहतो.

पुणे_बेळगाव_शुक्रवार · रविवार, दुपारी 12.10

काका, तुमचा प्रश्न मला लागू आहे, आणि उत्तर नाही असं आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, नऊ वर्षं झाली. शुक्रवारी रात्रीच्या बसनं गावी, रविवारी रात्री परत. मागच्या वर्षी आम्ही सहा जणांनी आठ महिने एका कामावर घालवले. रात्री जागलो, दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी आलो. मग वरच्यांचा विचार बदलला आणि एका मीटिंगमध्ये ते सगळं बंद झालं. वीस मिनिटांची मीटिंग. पगार व्यवस्थित मिळाला, कुणी रागावलं नाही. पण तुमच्यासारखा ढिगातून उचलून घरी आणायला माझ्याकडे एक तुकडाही नाही.

केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1930 मध्ये लिहिलं होतं की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला 15 तास काम पुरेल, आणि मग खरा प्रश्न उरेल तो मोकळ्या वेळाचं काय करायचं हा. 2030 आता दारात आलंय. मी आठवड्याला 50 तास काम करतो आणि उरलेल्या वेळात फोन खाली टाकून पडून राहतो. पाचच मिनिटांनी तो परत उचलतो.

एक गोष्ट मात्र बरं करते. आमचं गाव तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. जुलैत दोन दिवस रजा काढून भाताच्या लावणीला जातो. सकाळी नुसता चिखल असतो, संध्याकाळी बांधावर उभं राहिलं की हिरव्या ओळी दिसतात. त्या रात्री झोप लागते ती पुण्यात वर्षभरात लागत नाही.

येळ्ळूरचं_शिवार · रविवार, दुपारी 1.45

@पुणे_बेळगाव_शुक्रवार, राग मानू नका दादा. दोन दिवस चिखलात उतरलं की बरं वाटतं हे खरं. बारा महिने उतरलं की गुडघे बोलायला लागतात.

मला माझं काम दाखवता येतं. येळ्ळूरचा बासमती शिजला की चार घरं पलीकडे वास जातो, त्याहून मोठी पावती कुठली? पण बळ्ळारी नाल्याचं पाणी आत घुसलं आणि उभं पीक आठ दिवस कुजत पडलं, तर तेही मलाच बघावं लागतं. दर मी ठरवत नाही. रताळी काढली की मार्केट यार्डात जो भाव निघेल तो घ्यायचा. कामात समाधान आहे हो, पण समाधान सोसायटीत भरता येत नाही.

मोबाइल आणि मशीनबद्दल म्हणाल तर पॉवर टिलर आला आणि माझ्या पहाटा मोकळ्या झाल्या. बैलं विकली त्या दिवशी आई जेवली नव्हती. पण मी मनातून सुटलो होतो, हे आज लिहितोय.

आता गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगतो. बैलं विकल्यावर चार वर्षांनी धाकट्यानं परत जोडी आणली. नांगराला नव्हे, खाली म्हणजे रिकामा गाडा ओढायच्या शर्यतीसाठी. मी घरात भांडलो. दूध, अंडी, पेंड, जोडीच्या मागं हजारो रुपये. पण हा पोरगा, ज्याला कामाला जाताना तीन हाका माराव्या लागतात, तो बैलांसाठी पाचला उठतो. खरारा करतो, खुरं तपासतो, तळ्यावर पोहायला नेतो. कुणी सांगत नाही, कुणी पगार देत नाही. मी बांधावरून बघतो. माझ्यासाठी जे ओझं होतं त्यातच त्याला जीव रमवता येतोय. काम कुठलं आणि करमणूक कुठली, माझ्या घरात तरी मला सांगता येत नाही.

रानफूल · रविवार, दुपारी 2.20

शिवारकाका, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

निपाणीची_लेक · रविवार, दुपारी 3.50

मला थोडं वेगळं सांगायचंय. दाखवता येतं ते काम चांगलं, असं या धाग्यात हळूहळू ठरत चाललंय. माझ्या आईला तिचं काम दाखवता यायचं. रोज हजार विड्या. मांडीवर सूप, पानाला कात्री, चिमूटभर जर्दा, वळून दोरा, टोक मुडपायचं. मी तिला बोलता बोलता, रडता रडता, तापात, सगळ्या अवस्थांत विड्या वळताना बघितलंय. संध्याकाळी कारखान्यात नेल्या की तपासणारा त्यातल्या मूठ-दोन मूठ ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणजे नापास. त्याचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत मिळायच्या नाहीत. तिचं काम तिच्यादेखत कुणीतरी हातानं बाजूला सारायचं, आणि ते बरोबर होतं की नाही हे विचारायची सोय नव्हती.

तिला या कामाचा अभिमान कधीच नव्हता. तिला एकच हवं होतं, हे काम माझ्या हातात येऊ नये. विडी कामगारांच्या मुलांसाठी कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते. त्या फॉर्मसाठी ती चार खेटे घालायची, रोजी बुडवून. आज मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रक्ताचे नमुने तपासते. माझं काम कुणाला दाखवता येत नाही, रिपोर्टवर खाली बारीक सही असते तेवढीच. पण माझ्या कामात माझी छाट कुणी काढत नाही. मला एवढं पुरतं.

निपाणीची आहे म्हणून आणखी एक. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले होते, शरद जोशींचं आंदोलन. 6 एप्रिलला गोळीबार झाला. शेतकरी पिकवत होता ते त्याला दिसत होतं, हातात धरता येत होतं. तरी त्याचं मोल सांगायचा हक्क त्याचा नव्हता, म्हणून तो रस्त्यावर बसला. काम दिसणं आणि कामावर आपला अधिकार असणं या दोन गोष्टी आहेत असं मला वाटतं.

आई आता 68 वर्षांची आहे. काम सुटून बारा वर्षं झाली. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट दिलं की बोटं आपोआप ते वळायला लागतात. टोक मुडपते आणि मग तिच्या लक्षात येतं.

पॅटर्नवाला_मच्छे · रविवार, संध्याकाळी 5.15

ताई, तुम्ही लिहिलंत ते डोक्यात घेऊन बसलोय. मी नशीबवान होतो. माझी छाट काढणारा माझा उस्ताद होता, आणि पॅटर्न का नापास हे बोट ठेवून सांगायचा. आणि परत करायला लाकूड द्यायचा. हा फरक मी आजवर बघितलाच नव्हता.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट · रविवार, संध्याकाळी 6.40

काका, मीही व्हीएमसीवर आहे, 26 वय. मोठ्यांपुढे बोलतोय म्हणून माफ करा, पण मला माझ्या कामात अर्थ दिसतो.

तुम्ही बटण दाबता असं लिहिलंत. मीही पहिली दोन वर्षं बटणच दाबलं. मग एका सिनियरनं प्रोग्राम वाचायला शिकवला. आता मी तो बदलतो. एका जॉबला 11 मिनिटं लागायची, मी टूलचा मार्ग बदलून 40 सेकंद वाचवली. आमच्या शॉपमध्ये त्या दिवशी सगळे मशीनभोवती जमले होते. तुमच्या पिढीला फिनिश अंगठ्याला कळायचा, मला डायल गेजच्या काट्यात कळतो. काटा हलला नाही की माझ्याही छातीत तसंच होतं, तुम्हाला पखवाजाची सम आल्यावर होत असेल तसं. मशीन चालू असताना मी आवाज ऐकत असतो. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, स्क्रीनवर काही दिसायच्या आधी.

माझा प्रश्न वेळेचा आहे. 2023 मध्ये कर्नाटक राज्यानं कारखाना कायदा बदलून दिवसाला 12 तासांपर्यंत काम घ्यायची मुभा दिली. आठवड्याचे 48 तास तेच राहिले, म्हणजे कागदावर काही बिघडत नाही. पण सेकंड शिफ्टवाल्याला गावचं भजन, तालीम, कबड्डी, सगळंच बंद. मी सुटतो तेव्हा गाव झोपलेलं असतं. त्या वेळी माझ्याशी जागं असतं ते मोबाइलच. आम्ही आवडीनं मोबाइलमध्ये गेलो असं मोठी माणसं म्हणतात. रात्री साडेबाराला माझ्यासाठी दुसरं कुठलं दार उघडं आहे?

गोठा_आणि_हेडफोन · रविवार, रात्री 9.10

भांडी झाली, आता लिहिते. सगळं वाचलं, सकाळपासून थोडं थोडं.

भजन, तालीम, पारावरच्या गप्पा, शर्यती, वाचनालयाची पायरी. हे सगळं गेलं म्हणून तुम्हा सगळ्यांना हळहळ वाटते. मला समजतं. पण यातलं काय माझं होतं ते कुणी सांगेल का?

मी खानापूर तालुक्यातली. दोन म्हशी, एक गाय, दहा गुंठे भाजी, सासूबाईंचं आजारपण. लग्नाला 19 वर्षं झाली. आमच्या गावातही भजनी मंडळ आहे. पुरुष रात्री अकराला भजनाहून यायचे, तेव्हा चहा लागायचा. माझ्या वाट्याला भजन आलं ते भिंतीपलीकडून. तेही आवडायचं, पण भांडी घासताना.

तीन वर्षांपूर्वी मुलानं जुना फोन दिला आणि कानात घालायचं यंत्र. आता पहाटे धारेला बसते तेव्हा व्याख्यानं ऐकते. पुस्तकं वाचून दाखवणारे असतात, ते ऐकते. दहावीनंतर पुस्तकाला हात लागला नव्हता. एकदा एका व्याख्यानात ग्रहणाबद्दल ऐकलं आणि धार काढायची थांबले, म्हशीनं मागं वळून बघितलं. तो अर्धा तास माझा आहे. त्यात कुणाचा चहा नाही. या वयात मला पहिल्यांदा विरंगुळा मिळाला आणि तो मोबाइलनं दिला. त्यामुळे मोबाइलनं सगळं बिघडवलं हे माझ्या तोंडून निघणार नाही.

आणि दाखवता येणारं काम म्हणाल तर मी रोज जे करते ते रोज संपतं. स्वयंपाक खाल्ला जातो, शेण परत पडतं, दूध डेअरीत जातं. संध्याकाळी दाखवायला काही उरत नाही. उरलं नाही म्हणजेच नीट झालं.

रानफूल · रविवार, रात्री 9.25

ताई, शंभर वेळा नमस्कार.

पॅटर्नवाला_मच्छे · रविवार, रात्री 10.40

ताई, तुमची पोस्ट मी मोठ्यानं वाचली, घरात. वाचून झाल्यावर बायकोला विचारलं, मी भजनाला जायचो तेव्हा तू काय करायचीस? ती म्हणाली, सकाळच्या डब्याची भाजी निवडायचे, आणि तुम्ही येईपर्यंत जागी राहायचे. बावीस वर्षं. मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. मी वर लिहिलंय की भाकरी खाऊन पाय आपोआप देवळाकडे वळायचे. ते आपोआप नव्हतं, हे आज कळलं.

@उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट, बाळ, तू लिहिलेलं खरं आहे. मी बटणावर थांबलो. मला वाटलं होतं की आता शिकायचं वय गेलं. टूलचा आवाज मलाही कळतो, रंध्याचा कळायचा तसाच. पण कळूनही मी मोबाइल बघत असतो.

बैलहोंगलची_वाट · सोमवार, सकाळी 6.50

आमच्या भागात मराठी घरं थोडी, शेजार सगळा कन्नड. लहानपणापासून शेजारच्या अज्जीकडून ऐकलेली गोष्ट आठवली म्हणून लिहितो.

बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे त्यांच्यासोबतच्या शिवभक्तांमध्ये, आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होतं. सांडलेले तांदूळ वेचणं हाच त्यांचा कायक, म्हणजे त्यांचं काम आणि तीच त्यांची पूजा. शरणांमध्ये कुणाचंही काम हलकं नव्हतं. एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मानं विचारलं, हे जादा कशासाठी? गरजेपेक्षा जास्त आणलेले तांदूळ तिनं परत करायला लावले.

आपल्याकडे गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सगळे आपापल्या कामात राहूनच संत झाले. पण लक्कम्माची गोष्ट मला जास्त लागते, कारण ती काम कसं करावं याबरोबर कुठं थांबावं हेही सांगते. अज्जी ही गोष्ट सांगताना तांदूळच निवडत असायची, आणि ‘परत दे’ या शब्दाला सूप एकदा आपटायची. तो आवाज अजून कानात आहे.

माझं म्हणाल तर किराणा दुकान आहे. दिवसभर माणसं येतात, पूर्वी बोलायची, आता स्कॅन करतात आणि पैसे आल्याचा आवाज डबी सांगते. सुट्या पैशांची कटकट गेली हे बरं झालं. पण सुटे शोधता शोधता जे दोन शब्द व्हायचे तेही गेले. मी आता मुद्दाम विचारतो, पोराचं कॉलेज कसं चाललंय म्हणून.

पुणे_बेळगाव_शुक्रवार · सोमवार, सकाळी 8.30

काल रात्री बसमध्ये सगळा धागा परत वाचला. संकेश्वरपर्यंत जागा होतो.

@येळ्ळूरचं_शिवार, रागाचा प्रश्नच नाही. बरोबर बोललात. मला लावणीत बरं वाटतं कारण ते पीक गेलं तरी माझा पगार होणार असतो.

@उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट, तू मला एक गोष्ट आठवून दिलीस. ते आठ महिन्यांचं काम बंद झालं, पण त्यात एका नव्या मुलीला मी शून्यापासून शिकवलं होतं. ती आज दुसऱ्या ठिकाणी स्वतःची टीम सांभाळते आणि अजून अडलं की फोन करते. ढिगातून उचलायला एक तुकडा आहे माझ्याकडे, मी तो तुकडा म्हणून मोजला नव्हता.

निपाणीची_लेक · सोमवार, दुपारी 1.15

काल आईला विचारलं, तुला कामातलं काही आवडायचं का? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आठ-दहा जणी एका ओसरीवर बसून वळायचो तेव्हा एकीनं ओवी सुरू केली की हात आपोआप चालायचे, हजार कधी झाल्या कळायचं नाही. घरी एकटीनं वळताना मात्र प्रत्येक विडी मोजावी लागायची.

काल लिहिलेलं मी मागे घेत नाही. पण हेही तिच्या तोंडचं आहे म्हणून इथं ठेवते.

गोठा_आणि_हेडफोन · सोमवार, दुपारी 3.30

पॅटर्नवाले दादा, एक विचारायचं होतं. कालपासून विचारू की नको करत होते.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. लाकडाचा नाद आहे तिला. घराचं दार बसवताना सुतार आले होते तर दोन दिवस त्यांच्याजवळून हलली नाही. उरलेल्या फळीचा तिनं मला धारेला बसायचा पाट केला, चार पाय सारखे, डगमगत नाही. लोक म्हणतात मुलीचं काम नव्हे. डिप्लोमाला घालावं की आयटीआयला, मला काही कळत नाही. तुमचा धागा मी तिला वाचून दाखवला. तो पॅटर्न बघायला मिळेल का विचारते आहे.

पॅटर्नवाला_मच्छे · सोमवार, संध्याकाळी 7.05

ताई, चार पाय सारखे केलेत म्हणजे निम्मं काम तिला येतंय. मोठमोठ्यांचे डगमगतात.

पुढच्या रविवारी पाठवा. तुम्हीही या, आमची मंडळी म्हणतात की दोघींनी जेवूनच जायचं. खानापूरहून येणारी बस मच्छेत थांबते, स्टॉपवरून पाच मिनिटांवर घर. मी रंधा, पटाश्या, सगळी पेटी खाली काढून धार लावून ठेवतो. सहा वर्षं पेटी उघडली नव्हती, काल रात्री उघडली. एका पटाशीला गंज चढलाय, बाकी ठीक आहेत.

लाकूड मी आणतो. आधी साधा ठोकळा करायला लावीन, बाजूंना दीड अंशाचा उतार देऊन, म्हणजे वाळूतून पॅटर्न वर घेताना साचा मोडत नाही. अंगणात वाळू आहे, तिथंच ठसा काढून बघू. नंतर डिझाइनही शिकायला हवं, हातावरच थांबायला मी सांगणार नाही. सेकंड शिफ्टवाल्या, रविवारी तुला सुट्टी असेल तर तूही ये. कॉम्प्युटरचं तू सांग. मलाही ऐकायचंय.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट · सोमवार, संध्याकाळी 7.20

येतो काका. लॅपटॉप आणतो.

गोठा_आणि_हेडफोन · सोमवार, रात्री 9.40

दोघी येतो. धार काढून नऊच्या बसनं निघू. ती विचारते आहे, सोबत काय आणू? कंपासपेटीतली पट्टी आणि गुण्या आहे तिच्याकडे.

पॅटर्नवाला_मच्छे · सोमवार, रात्री 9.55

गुण्या आणू दे. पट्टी नको. लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. माझ्या उस्तादांनी दिलेली पितळी आहे, पेटीतच सापडली. ती वापरेल.